शिकाऊ लायसनवर नेमकी कोणती दुचाकी चालवता येते?

आडवाट

दहावीचा निकाल लागला, किंवा मुलाला अठरा पूर्ण झाली, की हा प्रश्न घरोघरी निघतो. उत्तर मात्र प्रत्येकाला वेगळं माहीत असतं. कोणी सांगतं सोळाव्या वर्षी लर्निंग काढून अ‍ॅक्टिवा चालवता येते. कोणी म्हणतं लर्निंगवर दीडशे सीसीच्या वरची गाडी दिसली की पावती फाटते. लर्निंग आणि पर्मनंट यात काही फरकच नाही, असंही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तिन्ही गोष्टी चूक आहेत. म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतो.

आपला कायदा दोनच गोष्टी विचारतो : वय किती, आणि गाडीला गिअर आहेत का. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४ : सार्वजनिक जागी गाडी चालवायला १८ पूर्ण हवीत. सवलत एकच आहे. इंजिन ५० सीसीपर्यंतचं असेल तर १६ पूर्ण झालेल्याला चालवता येते. कलम १० मध्ये दुचाकीचे दोन वर्ग केलेत, बिनगिअरची आणि गिअरची. अठरा पूर्ण झाली असतील तर लर्निंगवर जो वर्ग लिहिलाय, त्या वर्गातली कुठलीही गाडी चालते. सीसीला वरची मर्यादा नाही, ताकदीला नाही, वजनालाही नाही.

म्हणजे अठरा पूर्ण झालेल्या मुलाने काल घरबसल्या ऑनलाइन परीक्षा देऊन गिअरचं लर्निंग काढलं असेल, तर ९७ सीसीची स्प्लेंडर आणि १३४० सीसीची हायाबुसा त्याच्यासाठी कायद्याने सारख्याच. मला हे फार धोक्याचं वाटतं, आणि धागा काढायचं खरं कारण तेच आहे. शिकाऊच्या हातात कोणती गाडी द्यायची हे बऱ्याच देशांत सरकार ठरवतं. आपल्याकडे ते घरच्यांनीच ठरवायचं असतं, आणि घरच्यांना वाटतं की लायसन मिळालं म्हणजे सरकारने ठरवलंच की.

आता लर्निंगच्या अटी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ३. शिकाऊकडे त्या वर्गाचं चालू लर्निंग हवं. सोबत त्या वर्गाचं पक्कं लायसन असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल हवा. दुचाकीवर या शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही मागे बसवायचं नाही. मित्राला डबलसीट घेऊन कॉलेजला जाणं लर्निंगवर बसतच नाही, मग गाडी कितीही छोटी असो.

लर्निंगची मुदत ६ महिने, आणि ते भारतभर चालतं. कोणाला काही शंका असतील तर विचारा.

पाऊसवेडी

बरं झालं धागा काढलात. मुलगी अकरावीत आहे, गेल्याच महिन्यात सोळा पूर्ण झाली. कॉलेज लांब आहे आणि सकाळच्या बसचा भरवसा नाही. सोसायटीत तिच्या वयाच्या दोघीतिघी अ‍ॅक्टिवावर जातात. एजंट म्हणाला, “ताई, बिनगिअरचं लर्निंग सोळाला निघतं, काळजी करू नका.” मग ते लर्निंग काढून अ‍ॅक्टिवा चालवली तर चालेल की नाही?

आडवाट

ताई, नाही चालणार. एजंटने अर्धंच सांगितलंय. सोळाव्या वर्षी बिनगिअरचं लर्निंग निघतं हे खरं, त्याला पालकांची लेखी संमती लागते. पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरतंच. अ‍ॅक्टिवाचं इंजिन जवळपास ११० सीसीचं आहे. तिला गिअर नाहीत हे बरोबर, पण सोळा ते अठराच्या मधे नुसतं तेवढं पुरत नाही.

आता खरी अडचण अशी की पन्नास सीसीची पेट्रोल गाडी आज शोरूममध्ये मिळतच नाही. ही सवलत कायद्यात आली तेव्हा रस्ते मोपेडनी भरलेले होते. कायनेटिकची लूना १९७२ मध्ये आली ती ५० सीसीचीच होती, आणि पुढे कितीतरी घरांत पोरं पहिल्यांदा तिच्यावरच शिकली. त्या गाड्या गेल्या, कायद्यातला आकडा तसाच राहिला. आज मोपेड म्हणून जी दिसते ती टीव्हीएसची एक्सएल १००, म्हणजे तीही शंभराच्या घरात. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीला कायद्यात परवानगी आहे, पण त्या परवानगीत बसणारी पेट्रोल गाडी दुकानात नाही.

आणि पालक म्हणून कलम १९९अ जरूर वाचा. २०१९ च्या दुरुस्तीत ते आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत ना लर्निंग ना पक्कं लायसन. गाडी पालकांच्या संमतीनेच नेली असं कोर्ट गृहीत धरतं. आपल्याला ठाऊक नव्हतं हे पालकांनी सिद्ध करायचं.

याच कलमात एक सुटका आहे, आणि एजंट लोक तीच पुढे करतात. मुलाकडे लर्निंग असेल तर पालकांना हे लागू नाही. पण वाक्य तिथे संपत नाही. ज्या गाडीचं लायसन त्याला मिळालंय तीच गाडी तो चालवत असला पाहिजे, असं पुढे स्पष्ट लिहिलंय. पन्नास सीसीच्या लर्निंगवर एकशेदहाची गाडी चालवली की ही सुटका गेली. सोसायटीतल्या त्या दोघीतिघींच्या आईवडिलांनाही हे सांगा, कारण त्यांना बहुधा कोणी सांगितलेलं नाही.

शेंगदाणा

मग पाऊसवेडी ताईंनी सरळ बॅटरीची स्कूटर घ्यावी ना? लायसनच लागत नाही म्हणतात.

चार्जिंग

सगळ्या बॅटरीच्या गाड्यांना हे लागू नाही. यात फसवणूक बरीच होते, म्हणून सविस्तर लिहितो.

लायसन, नोंदणी काहीच लागत नाही अशी गाडी म्हणजे जिच्या मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. शिवाय बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. या सगळ्या अटी एकदम पाळल्या गेल्या, तर नियमांच्या लेखी ते मोटार वाहनच ठरत नाही आणि मग वयाची अटही येत नाही. यातली एक अट जरी मोडली, तर ती पेट्रोलच्या स्कूटरसारखीच मोटार वाहन. नंबर प्लेट हवी, विमा हवा, लायसन हवं आणि १८ पूर्ण हवीत. एथर, ओला, चेतक, आयक्यूब या सगळ्या त्यात आल्या. नाव बघून जाऊ नका. नवी ई-लूनासुद्धा ताशी ५० पर्यंत जाते, तिला लायसन लागतं.

दुकानात काय होतं ते नीट बघा. कागदावर २५० वॉट लिहिलेलं असतं. विक्रेता हळूच सांगतो की हँडलखालची एक वायर काढली की गाडी पंचेचाळीसला पळते. मुलांना ही वायर दुसऱ्याच दिवशी सापडते. ती काढली त्या क्षणी तुमच्या घरात बिननोंदणीचं, बिनविम्याचं मोटार वाहन उभं राहिलं, आणि ते चालवणारी मुलगी सोळाची. म्हणजे परत ते कलम १९९अ. दुकानदाराकडे मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र मागा, एआरएआय किंवा आयकॅटसारख्या संस्थेचं. ते दाखवायला टाळाटाळ केली तर दुसरं दुकान बघा.

कायद्याने सक्ती असो नसो, पंचवीसच्या वेगालाही डोकं फुटतं. हेल्मेट घालायलाच सांगा.

पाऊसवेडी

वायरचं माहीत नव्हतं. आमच्या इथल्या दुकानदाराने “नंतर स्पीड वाढवून देतो” असं आपणहून सांगितलं होतं. मला तेव्हा ती सोय वाटली. आता लक्षात आलं.

चौथागिअर

माझा प्रश्न वेगळा आहे. १८ पूर्ण झाली, गिअरचं लर्निंग आलंय. बाबा गाडी घेऊन द्यायला तयार आहेत, मला ३९० ड्यूक हवी आहे. मित्र म्हणतात लर्निंगवर एवढी मोठी चालत नाही, पकडतील. आडवाटदादांनी लिहिलंय की चालते. नक्की का?

आडवाट

कायद्याने नक्की चालते. वर्ग गिअरचा आहे, तुझं लर्निंग गिअरचं आहे. एल लावलेला असेल आणि नियम ३ च्या बाकी अटी पाळल्या असतील, तर गाडी मोठी आहे म्हणून कोणी पावती फाडू शकत नाही.

तरी घेऊ नकोस, असं मी म्हणेन. का, ते इतरांनाही सांगू दे.

टापटीप

मी काही वर्षं ऑस्ट्रेलियात होतो, लायसन तिथेच काढलं. तिथे शिकाऊंना चालणाऱ्या गाड्यांची सरकारी यादीच असते. तुमचं मॉडेल यादीत असेल तरच चालवायचं. यादी ठरवायची पद्धत मला फार शहाणपणाची वाटली, म्हणून लिहितो.

इंजिन ६६० सीसीपर्यंत चालतं, पण खरी अट ताकद आणि वजन यांच्या प्रमाणाची आहे. गाडीची ताकद किलोवॉटमध्ये घ्यायची. गाडीच्या वजनात चालवणाऱ्याचे ९० किलो मिळवायचे. टनामागे १५० किलोवॉटच्या आत बसली तर शिकाऊला चालेल. न्यूझीलंडनेही २०१२ मध्ये हीच पद्धत आणली. त्याआधी तिथे सरळ २५० सीसीची मर्यादा होती, आणि तिचा घोळ असा होता की काही टू-स्ट्रोक अडीचशे गाड्या शर्यतीच्या जातीच्या. सुझुकी आरजीव्ही २५०, होंडा एनएसआर २५०, अ‍ॅप्रिलिया आरएस २५०. सीसी कमी म्हणून कायद्यात बसायच्या, आणि नवख्याच्या हाताखालून निसटायच्या. आता नव्या पद्धतीत त्या नाव घेऊन वगळल्यात, आणि जड, शांत स्वभावाच्या साडेसहाशेच्या गाड्या चालतात.

आपल्याकडच्या गाड्या त्या सूत्रात घालून बघितल्या. स्प्लेंडर साधारण ५.९ किलोवॉट, वजन ११२ किलो : टनामागे तिसाच्या आत. क्लासिक ३५० साधारण १५ किलोवॉट, १९५ किलो : बावन्नच्या आसपास. जुनी ३७३ सीसीची ३९० ड्यूक ३२ किलोवॉट, १६८ किलोच्या आसपास : सव्वाशेच्या जवळ. हायाबुसा १४० किलोवॉट, २६६ किलो : जवळजवळ चारशे.

चौथागिअर, ड्यूक तिथेही शिकाऊला चालते हे मी लपवत नाही. पण ती मर्यादेच्या वरच्या टोकाला आहे. तिथे शिकाऊला लायसन हातात पडायच्या आधी बऱ्याच ठिकाणी मैदानातलं प्रशिक्षण सक्तीचं असतं. ते नसताना नुसता यादीतला आकडा उचलून उपयोग नाही.

चौथागिअर

क्लासिक ३५० ड्यूकच्या निम्म्यापेक्षा कमी? सीसी तर जवळजवळ सारखीच आहे!

टापटीप

हो. म्हणूनच नुसत्या सीसीवर जाऊ नये. पण क्लासिकचे १९५ किलो चढावर, खडीवर, गाडी वळवून लावताना जाणवतात. ताकद कमी म्हणजे शिकायला सोपी, असंही सरळ गणित नाही.

आडवाट

इंग्लंडचंही सांगतो, कारण तिथे पायऱ्या आहेत. १६ ला ५० सीसीची मोपेड, वेग ताशी ४५ किलोमीटरपर्यंत. १७ ला १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत. तेही एक दिवसाचं मूलभूत प्रशिक्षण घेतल्यावरच, आणि त्याचं प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपतं. शिकाऊने मोटरवेवर जायचं नाही, मागे कोणाला बसवायचं नाही. १९ ला ३५ किलोवॉटपर्यंत. पूर्ण मोकळीक थेट परीक्षा देणाऱ्याला २४ ला, आणि मधल्या पायरीवर दोन वर्षं काढलेल्याला २१ ला. सिंगापूरमध्येही तसंच आहे : आधी २०० सीसीपर्यंत, मग ४०० पर्यंत, मग पुढे. एक पायरी गाळून वर जाता येत नाही.

आपल्याकडे अशी पायरी यावी असं मला मनापासून वाटतं.

फाईलवाला

आडवाट, इथे माझं थोडं वेगळं मत आहे. मी मोटार विम्याच्या दाव्यांचं काम करतो. आपल्याकडे नव्याने शिकणारे बहुसंख्य लोक शंभर-सव्वाशेच्याच गाडीवर शिकतात, कारण घरात तीच असते. ताकदीची मर्यादा आणली तर ती थोड्याच लोकांना लागू होईल. माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींत शिकाऊ आणि अवाढव्य गाडी हे क्वचित दिसतं. जास्त दिसतं ते असं : बिनगिअरचं लायसन आणि चालवत होता स्प्लेंडर. किंवा लर्निंगची मुदत संपून तीन महिने झाले आणि कोणाच्या लक्षातच नाही. ही माणसं स्वतःला लायसनवालीच समजत असतात. चुकीच्या वर्गाचं लायसन म्हणजे कलम १८१ खाली विनालायसनच. दंड ५००० रुपये, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर कलम १८० खाली मालकालाही तेवढाच.

विम्याचंही सांगतो, कारण “लर्निंगवर विमा मिळत नाही” ही अफवा सतत ऐकतो. पॉलिसीत चालकाबद्दलचा जो परिच्छेद असतो तो काढून वाचा. चालू लर्निंग असलेला माणूस गाडी चालवू शकतो असं तिथे लिहिलेलं असतं, पण पुढे अट असते की त्याने नियम ३ पाळलेला असावा. म्हणजे तो एल आणि शिकवणारा थेट पॉलिसीत येऊन बसलेत. समोरच्याला इजा झाली तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वर्ण सिंग निकाल आहे : लर्निंग हेही कायद्याने लायसनच आहे, फक्त तेवढ्या कारणावरून विमा कंपनीला तिसऱ्या पक्षाची भरपाई टाळता येणार नाही. पण स्वतःच्या गाडीचं नुकसान मागायला गेलात की पॉलिसीची अट पुढे येते, आणि तिथे माणसं अडकतात.

आडवाट

फाईलवाला, तुमचं म्हणणं पटतं, बहुसंख्यांचा प्रश्न तोच आहे. तरी मर्यादा थोड्यांनाच लागू होईल म्हणून ती नको, हे नाही पटत. ज्या घरात पैसा आहे तिथल्या अठरा वर्षांच्या मुलाला थांबवायला कोणीच उरत नाही, आणि त्या गाडीखाली येणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच घरातला असतो.

निळीछत्री

सगळ्यात मोठा प्रश्न कोणी विचारतच नाहीये. लर्निंगवर एकट्याने गाडी चालवायची की नाही? आरटीओत टेस्टला येणारे सगळे एकटेच गाडी चालवत येतात. मागे बसलेला माणूस दुचाकी थांबवणार तरी कशी? मला वाटतं तो नियम चारचाकीसाठी आहे.

शिकवणीवाली

मी दुचाकी शिकवते, जास्त करून बायकांना, आणि हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

नियमात चारचाकी असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट दुचाकीबद्दल वेगळी ओळ आहे, की शिकवणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसवू नये. म्हणजे शिकवणारा मागे बसेल हे नियमाने धरलेलंच आहे. व्यवहारात पोलीस एल लावलेल्या एकट्या मुलीला सहसा अडवत नाहीत. पण अपघात झाला तर प्रश्न नियमाच्या शब्दांवर येतो, आणि फाईलवाल्यांनी पॉलिसीचं सांगितलंच आहे.

आता मागे बसून गाडी थांबवता येते का? स्कूटरवर येते. दोन्ही ब्रेक हँडलवर असतात, मी शिकणारीच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे घालून तिच्या बोटांवर बोटं ठेवते. पहिल्या धड्यांत ती घाबरून अ‍ॅक्सिलरेटर पिळतेच. तेव्हा तिला ओरडून काही होत नाही, तिची मूठ पुढे वळवून अ‍ॅक्सिलरेटर सोडवावा लागतो. गिअरच्या गाडीवर मात्र मागचा ब्रेक पायाशी असतो, क्लचही तिच्याच हातात. मागे बसून मी फार तर पुढच्या ब्रेकपर्यंत पोचते, आणि तो नवख्या गाडीवर एकदम दाबणं म्हणजे दोघींनी पडणं. म्हणून गिअरची गाडी मी बंद मैदानावरच शिकवते. क्लच सोडताना गाडी कुठे पकडते ते कळेपर्यंत, आणि पुढच्या चाकाकडे बघायचं सोडून समोर बघायची सवय लागेपर्यंत रस्ता नाही. त्यानंतर रस्त्यावर मागे बसते, पण तेव्हा ब्रेकचं काम तिने करायचं असतं, माझं काम बोलण्याचं.

चौथागिअर, तुझ्यासाठी : ड्यूकसारख्या गाडीवर क्लच थोडा पटकन सुटला की पुढे काय झालं ते कळायच्या आत ती दहा फूट गेलेली असते. स्प्लेंडर तिथे बंद पडते. शिकताना गाडी बंद पडणं फार चांगलं, त्यात कोणाला लागत नाही. तुझ्या वडिलांच्या किंवा काकांच्या शंभर-सव्वाशेच्या गाडीवर शीक, टेस्ट तिच्यावर दे. नंतर ड्यूक घ्यायचीच असेल तर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय, बघून घे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून ते सक्तीचंच आहे, पण जुनी घेणार असशील तर विचार.

चौथागिअर

काकांकडे शाइन आहे. घरी विचारतो.

शेंगदाणा

बंद मैदान म्हणजे सोसायटीतला रस्ता धरायचा का? आमच्या इथे सगळी मुलं तिथेच शिकतात, लर्निंग नसलेलीसुद्धा.

आडवाट

धरू नका. जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे ती जागा कायद्याने सार्वजनिक, मग तो रस्ता असो नसो. सोसायटीत दूधवाले, कुरिअरवाले, पाहुणे, शाळेची व्हॅन असं सगळं येत असतं. तिथे अपघात झाला तर “आमची खाजगी जागा” म्हणून सुटू, या भरवशावर राहू नका. शिवाय तिथे खेळणारी लहान मुलं असतात. कुंपण घातलेलं, फाटक लावलेलं रिकामं मैदान मालकाला विचारून घ्या.

निळीछत्री

शिकवणीवाली, समजलं. एक शंका अजून. तो एल किती मोठा? स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो तळहाताएवढाच असतो.

शिकवणीवाली

तो चालत नाही. नियमात माप दिलंय. पांढरी पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस. त्यावर लाल एल किमान १० सेंटीमीटर उंच, रेघ २ सेंटीमीटर जाड, खालची आडवी रेघ ९ सेंटीमीटर. पट्टी घेऊन मोजलीत तर दुकानातला स्टिकर निम्माही भरत नाही.

स्कूटरला पुढे लावायला जागा असते, हँडलखालच्या सपाट भागावर बसते. मोटरसायकलला पुढे एवढी सपाट जागाच नाही. मी पांढरी प्लास्टिकची फाईल कापते, त्यावर इलेक्ट्रिशियनची लाल टेप दोन पट्ट्यांत लावून एल करते आणि हेडलाइटच्या वर हँडलला चारही कोपऱ्यांत केबल टायने बांधते. हेडलाइट आणि मीटर झाकायचा नाही. पुठ्ठा वापरू नका, पहिल्या पावसात टेप सुटते आणि वाऱ्याने पाटी दुमडून मीटरवर येते. मागची पाटी नंबर प्लेटच्या वर, नंबर झाकला न जाता. टेस्ट पास होऊन पक्कं लायसन आलं की दोन्ही काढून टाका. कित्येक जण वर्षभर एल तसाच ठेवतात, मग बाकीच्यांनी त्याकडे का बघावं?

पाऊसवेडी

घरी बोलणं झालं. मुलगी थोडी रुसली, पण कलम १९९अ मधलं पंचवीस वर्षांचं वाचल्यावर स्वतःच म्हणाली की नको. सध्या बस आणि सायकल. अठरा झाल्यावर कोणतं काढू? तिला स्कूटरच चालवायची आहे.

फाईलवाला

स्कूटरच चालवायची असेल तर बिनगिअरचं पुरे. पण टेस्ट ज्या वर्गाच्या गाडीवर दिली तोच वर्ग लायसनवर चढतो, हे तिला सांगून ठेवा. उद्या नोकरीच्या गावी भावाची मोटरसायकल घ्यायची वेळ आली तर तो वर्ग आधी वाढवून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी पुन्हा लर्निंगपासून सुरुवात. शिकायची तयारी असेल तर गिअरचंच शिकू द्या, एकदाच होऊन जाईल.

आडवाट

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी या संकेतस्थळावर होतो. लर्निंगची फी प्रत्येक वर्गाला १५० रुपये, परीक्षेचे ५० वेगळे. आधार जोडलेलं असेल तर परीक्षा घरून देता येते. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. पण ताई, ती परीक्षा मुलीलाच देऊ द्या. एजंटने बसून दिलेल्या परीक्षेत तिला एकही खूण कळलेली नसते, आणि त्याच लर्निंगवर ती रस्त्यावर येते.

लर्निंग मिळाल्यावर किमान ३० दिवस जाऊ द्यावे लागतात, त्याआधी पक्क्या लायसनची टेस्ट देता येत नाही. सहा महिने उलटले तर लर्निंग संपलं, नवीन काढावं लागतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच टेस्टची तारीख घ्या, शेवटच्या आठवड्यात स्लॉट मिळत नाहीत. टेस्टला जी गाडी न्याल तिची आरसी, विमा, पीयूसी चालू आहे ना ते आदल्या दिवशी बघा, आणि एलची पाटी लावूनच न्या.